पोलीस कोणाच्या दारी: विषम संपर्काच्या अभ्यासाची प्रस्तावना

राज्यसंस्था सामान्य माणसाला ज्या थोड्या चेहऱ्यांतून दिसते त्यांत तलाठी, शिक्षक, सरकारी दवाखान्यातील परिचारिका आणि पोलीस शिपाई हे प्रमुख असले, तरी माणसाला वाटेत थांबवण्याचा, त्याची झडती घेण्याचा आणि प्रसंगी बळाने धरून नेण्याचा अधिकार यांपैकी पोलिसालाच कायद्याने दिलेला असतो. त्यामुळे तलाठ्याकडे कोण किती वेळा जातो या प्रश्नाचे उत्तर फार तर जमीनधारणेविषयी काही सांगेल. पोलिसांशी कोणाचा किती वेळा संबंध येतो याचे उत्तर मात्र राज्यसंस्था कोणाला संरक्षणाचा धनी मानते आणि कोणाला देखरेखीचा विषय, हे उघड करते. जात, जमात, धर्म, लिंग, वय, उत्पन्न आणि निवास यांनुसार हा संबंध कसा बदलतो याची मांडणी इंग्लंड-अमेरिकेत गेल्या चार-पाच दशकांत बरीच झाली. महाराष्ट्रात मात्र तिची सामग्री आत्मकथनांत, कार्यकर्त्यांच्या निवेदनांत आणि न्यायालयीन निकालांत विखुरलेली आहे, आणि ती एकत्र आणून मोजमापाच्या शिस्तीत बसवल्यावाचून पोलीस सुधारणेची चर्चा मनुष्यबळ आणि वाहने यांच्या मागणीपुढे सरकणार नाही.

‘पोलीस-संपर्क’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने वापरली आहे. पोलीस कर्मचारी आपल्या पदाच्या नात्याने आणि नागरिक कोणत्याही नात्याने, म्हणजे फिर्यादी, साक्षीदार, संशयित, अर्जदार वा वाटसरू म्हणून, एकमेकांसमोर येतात असा प्रत्येक प्रसंग तीत मोडतो. मग तो पारपत्राच्या पडताळणीसाठी घरी आलेल्या अंमलदाराचा असो, नाकाबंदीत थांबवलेल्या दुचाकीचा असो, की पहाटे पालावर पडलेल्या धाडीचा. या प्रसंगांची सर्वांत उपयुक्त विभागणी संपर्क कोणी सुरू केला यावरून होते. नागरिक स्वतःहून ठाण्यात जातो किंवा ११२ क्रमांक फिरवतो तो नागरिक-प्रारंभित संपर्क, आणि पोलीस नागरिकाकडे येतात, त्याला थांबवतात वा बोलावून घेतात तो पोलीस-प्रारंभित संपर्क. चारित्र्य पडताळणी, भाडेकरूची नोंद, गणेशोत्सवाचा परवाना अशा कामांपुरता येणारा प्रशासकीय संपर्क या दोहोंच्या मधला आहे. ही विभागणी न करता केवळ एकूण वारंवारता मोजली, तर आकडे बरोबर येऊनही निष्कर्ष नेमका उलटा निघू शकतो.

त्याचे चांगले उदाहरण अमेरिकेच्या आकडेवारीत सापडते. १९९४ च्या गुन्हेविषयक कायद्याने पोलिसी बळाच्या अतिरेकाची माहिती गोळा करणे केंद्र सरकारवर बंधनकारक केले आणि त्यातून, १९९६ च्या प्रायोगिक पाहणीपासून, तेथील न्याय-सांख्यिकी विभागाची पोलीस-जनता संपर्क पाहणी उभी राहिली. २०१८ च्या फेरीत सोळा वर्षांवरील सुमारे ६ कोटी १५ लाख लोकांचा, म्हणजे २४ टक्क्यांचा, वर्षभरात पोलिसांशी निदान एकदा संबंध आल्याचे दिसले. त्यातही गोऱ्यांचे प्रमाण २६ टक्के, तर कृष्णवर्णीयांचे २१ टक्के होते. तेवढ्यावर थांबणाऱ्या वाचकाला पोलीस गोऱ्यांच्याच मागे लागलेले दिसतील. पण ज्यांचा संपर्क आला त्यांच्यापैकी किती जणांना बळाचा वापर किंवा त्याची धमकी अनुभवावी लागली असे विचारले, की कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४ टक्के आणि गोऱ्यांचे २ टक्के निघते. पोलिसांना बोलावणे हासुद्धा एक सामाजिक अधिकार आहे आणि तो वापरण्याची सवय व हिंमत सर्व थरांत सारखी नसते, म्हणून एकूण संपर्काचा आकडा सुस्थितांच्या बाजूने फुगतो. याच पाहणीची एक मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते: ती घराघरांतून होत असल्याने तुरुंगातील माणसे आणि बेघर तिच्यात येतच नाहीत, म्हणजे पोलिसांशी ज्यांची गाठ सर्वांत जास्त पडते तेच मोजणीतून निसटतात. हा दोष पुढे भारतीय संदर्भात अधिक तीव्र रूपात भेटेल.

इंग्लंडची वाट निराळी होती. तेथे १८२४ च्या भटकेपणाविरोधी कायद्याच्या चौथ्या कलमाखाली ‘संशयित व्यक्ती’ म्हणून कोणालाही पकडता येई, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तरतुदीचा मारा लंडनमधील कृष्णवर्णीय तरुणांवर केंद्रित झाला. एप्रिल १९८१ मध्ये ब्रिक्स्टन भागात पोलिसांनी चालवलेल्या मोहिमेत काही दिवसांत ९४३ जणांना थांबवण्यात आले, त्यांपैकी ११८ जणांना अटक झाली, आणि त्याच दिवसांत ब्रिक्स्टन पेटले. लॉर्ड स्कारमन यांच्या चौकशी अहवालाने या दोहोंतील संबंध पाहिला आणि संशयाची ती तरतूद त्याच वर्षी रद्द झाली. १९८४ च्या कायद्याने झडतीसाठी वाजवी संशयाची अट आणि प्रत्येक झडतीची लेखी नोंद आली, तर १९९१ च्या कायद्याने वंशानुसार आकडेवारी प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला. विषमता यामुळे संपली नाही. २०१९-२० मध्ये दर हजार गोऱ्या व्यक्तींमागे ६ झडत्या झाल्या, तर दर हजार कृष्णवर्णीयांमागे ५४. परंतु ती सरकारच्याच तक्त्यात छापली जाऊ लागल्याने वाद ‘असे घडते का’ या मुद्द्यावरून ‘असे का घडते’ या मुद्द्यावर गेला, आणि हे स्थित्यंतर थोडे नव्हे. न्यूयॉर्कमध्येही २००४ ते २०१२ या काळात लोकांना ४४ लाख वेळा थांबवल्याच्या नोंदी पोलिसांच्याच फॉर्मवर होत्या, म्हणून २०१३ मध्ये न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांना थांबवलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय वा हिस्पॅनिक असल्याच्या आधारावर ती पद्धत घटनाबाह्य ठरवता आली.

भारतात वाटेत थांबवलेल्या माणसाची अशी नोंद करण्याची पद्धत नाही. कॉमन कॉज ही संस्था आणि लोकनीती हा अभ्यासगट यांनी २२ राज्यांत पंधरा हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २०१८ मध्ये पोलीस व्यवस्थेच्या स्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात गेल्या चार-पाच वर्षांत पोलिसांशी संबंध आलेल्यांचे प्रमाण अवघे १४ टक्क्यांच्या आसपास भरले आणि त्यांतील बहुतेकांनी स्वतःच पोलिसांकडे धाव घेतली होती. हा आकडा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घराच्या अनुभवाशी जुळतो, कारण ‘आमच्या घराण्यात कोणी पोलीस ठाण्याची पायरी चढले नाही’ हे तेथे अभिमानाने सांगितले जाते आणि पारपत्राच्या वा नोकरीच्या पडताळणीपलीकडे पोलीस दारात येण्याचा प्रसंग बहुधा उद्भवत नाही. वाहतूक दंडाचे ई-चलान मोबाइलवर येऊ लागल्यापासून तर वाहनधारकांचा समोरासमोरचा संपर्क आणखी घटला आहे. मात्र लोकनीतीच्या पाहण्यांचा नमुना मतदार यादीतून घेतला जातो, आणि ज्यांचे नाव कोणत्याच गावच्या यादीत टिकत नाही, ज्यांचा मुक्काम गावाबाहेरच्या माळावर काही आठवड्यांपुरता असतो, ते या नमुन्यात येण्याची शक्यता मुळातच कमी. अमेरिकेत बेघर निसटतात तसे येथे भटके निसटतात. राज्यातील पोलीस-संपर्काची सर्वांत दाट घनता मात्र नेमकी त्यांच्याच पालांवर आहे.

ही घनता कशी तयार झाली हे समजण्यासाठी कायद्याचा इतिहास पाहावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी जमातच्या जमात ‘जामीनपात्र नसलेले गुन्हे पद्धतशीर करण्याची चटक असलेली’ म्हणून अधिसूचित करता येऊ लागली, आणि या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देण्याची सोय ठेवली गेली नाही. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्वत्र लागू करता येईल असा झाला व १९२४ मध्ये एकत्रित करण्यात आला. त्याचे पोलादी हत्यार म्हणजे नोंदवही. अधिसूचित जमातीतील स्त्री-पुरुषांची नावे तीत घालायची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना पास घ्यायचा, आणि यात कसूर झाली की तोच गुन्हा. म्हणजे गुन्हा घडला म्हणून संपर्क, हा क्रम येथे उलटला: जन्म झाला म्हणून संपर्क, आणि संपर्कात चूक झाली म्हणून गुन्हा. याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने तृतीयपंथीयांचीही नोंदणी सक्तीची केली होती, ही बाब आजच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. सिग्नलवर टाळ्या वाजवणाऱ्या व्यक्तींकडे पाहण्याच्या पोलिसी दृष्टीला दीडशे वर्षांची सरकारी परंपरा आहे, एवढे त्यावरून कळावे. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी अशा ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतील माणसे गिरण्यांमध्ये मजूर म्हणून राबली. सोलापुरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे वस्तीचे नाव अजून टिकून आहे.

येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. या कायद्यातून पुढे मुक्त झालेल्या, म्हणजे विमुक्त, जातींच्या महाराष्ट्राच्या यादीत असलेले रामोशी आणि बेरड हे इंग्रजपूर्व काळात गावाची आणि किल्ल्यांची राखण करणारे, म्हणजे त्या व्यवस्थेतील पोलीसच होते. राखणीचे हक्क आणि वतने गेल्यावर रामोशांनी उमाजी नाइकांच्या नेतृत्वाखाली बंड केले, १८३२ मध्ये पुण्यात नाइकांना फाशी झाली, आणि ज्यांच्यावर पहारा सोपवलेला होता त्यांच्यावरच पहारा बसवण्याचे दिवस आले.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारविषयक कायदा आला, जो निदान कागदावर जमातीऐवजी व्यक्तीच्या पूर्वीच्या शिक्षांवर आधारलेला होता. परंतु पोलिसी व्यवहारात माणसाला ‘रेकॉर्डवर’ आणण्याची साधने याखेरीज पुष्कळ आहेत. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या कलम १२२ नुसार सूर्यास्तानंतर संशयास्पद स्थितीत आढळणे हाच गुन्हा आहे, आणि कलम ५५ ते ५७ खाली टोळीला वा व्यक्तीला हद्दपार, बोलीभाषेत तडीपार, करता येते. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने, तोही १९५९ चाच, उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाऱ्याला भिक्षेकऱ्याच्या व्याख्येत बसवले. ज्या समाजाचा व्यवसायच भटकण्याचा आहे, ज्याचे घर कापडाचे आहे आणि ज्याची रात्र उघड्यावर जाते, त्याच्यासाठी या तरतुदी समान भाषेत लिहिलेल्या असूनही समान राहत नाहीत. कायदा कोणत्याही जातीचे नाव घेत नाही. तो फक्त राहणीमानाचे वर्णन करतो, आणि ते वर्णन कोणाला लागू पडते हे बीट अंमलदाराला चांगले ठाऊक असते.

या साधनांपैकी अभ्यासकांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेले आणि वस्त्यांत सर्वाधिक परिचित असलेले साधन म्हणजे ‘चॅप्टर केस’. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या प्रकरणात, कलम १०७ ते ११० खाली, शांतता राखण्याची वा चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १२८, १२९ आणि लगतच्या कलमांत कायम आहे. तिच्यासाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नाही. एखादी व्यक्ती आपले अस्तित्व लपवत असल्याचा किंवा सवयीने गुन्हे करणारी असल्याचा अहवाल पुरेसा ठरतो. कारवाई कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत ते अधिकार सहायक पोलीस आयुक्ताकडेच असतात, म्हणजे अहवाल देणारे खाते आणि त्यावर निर्णय करणारे खाते एकच. निवडणूक, मोठी जत्रा, गणेशविसर्जन यांच्या आधी अशा कारवायांना भरती येते, आणि भरतीसाठी नावे लागतात तेव्हा ती जुन्या रजिस्टरातून निघतात. बोलावणे आले, बंधपत्र झाले, पुढच्या वेळी तेच बंधपत्र पूर्वेतिहास म्हणून जोडले गेले, असा हा हिशेब व्याजावर व्याज चढावे तसा वाढत जातो आणि मूळ मुद्दल कधी तपासले जात नाही.

या हिशेबाची वस्तीच्या बाजूची नोंद आत्मकथनांत सापडते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ याच परंपरेतील. मराठी वाचकाने ही आत्मकथने वेदनेचे साहित्य म्हणून वाचली आणि गौरवली. पोलीस-संपर्काची वारंवारता, वेळ, कारण आणि परिणाम यांचा जवळजवळ एकमेव लिखित दस्तऐवज म्हणून ती कोणी फारशी वाचली नाहीत, ही मराठी समाजशास्त्राची उणीव म्हटली पाहिजे.

या सर्व मांडणीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पोलीस जेथे गुन्हे घडतात तेथे जातात, तेव्हा काही समूहांशी त्यांचा संपर्क जास्त येणे हे गुन्ह्यांच्या विभागणीचेच प्रतिबिंब आहे, असे त्याचे स्वरूप. त्यात तथ्याचा अंश आहे: वय आणि लिंग यांच्याबाबतीत तो बराच खरा ठरतो, कारण पंधरा ते तीस या वयोगटातील पुरुष जगभर गुन्ह्यांच्या आरोपींतही जास्त असतात आणि बळींतही. परंतु हा युक्तिवाद तपासण्याची एक साधी कसोटी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या विचारातून पुढे आली आहे. तिला ‘परिणाम-कसोटी’ म्हणतात. दोन समूहांतील माणसांना सारख्याच दर्जाच्या संशयावर थांबवले जात असेल, तर थांबवल्यावर काही सापडण्याचे प्रमाणही दोघांत सारखे यायला हवे. एका समूहात ते ठळकपणे कमी येत असेल, तर त्या समूहाला अधिक कच्च्या संशयावर थांबवले जाते असा अर्थ निघतो. ही कसोटी लावायची तर थांबवलेल्या प्रत्येकाची नोंद हवी, आणि महाराष्ट्रात नाकाबंदी वा कोम्बिंग ऑपरेशन यांच्या बातम्यांत ‘इतक्या संशयितांना ताब्यात घेतले’ एवढाच आकडा येतो, त्यांपैकी किती जणांविरुद्ध काय सिद्ध झाले याचा नाही. म्हणजे आक्षेप घेणाऱ्यांच्या हातातही पुरावा नाही.

दुसरा मुद्दा चक्राचा. जेथे गस्त जास्त तेथे गुन्हे जास्त नोंदवले जातात, नोंदी वाढल्या की पुढची गस्तही तेथेच वाढते, आणि ज्या वस्तीत पोलीस फिरकत नाहीत तेथील हिशेबातील अफरातफर वा बंद दारामागची मारहाण नोंदवहीपर्यंत पोहोचत नाही. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराच्या अमली पदार्थविषयक नोंदी गुन्ह्यांचे भाकीत करणाऱ्या संगणकीय पद्धतीत घालून पाहिल्या, तेव्हा अमली पदार्थांचा वापर शहरभर पसरलेला असल्याचे अंदाज असूनही यंत्र पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच गरीब वस्त्यांकडे पाठवत राहिले. भारतात २००९ पासून उभारलेल्या गुन्हे व गुन्हेगार माग प्रणालीने ठाण्यांतील कागदी नोंदी संगणकावर आणल्या आहेत. जुन्या रजिस्टरातील पूर्वग्रह त्यामुळे आपोआप पुसला जात नाही, उलट एका ठाण्याचा संशय सर्व ठाण्यांचा होतो.

अशा संशयाची किंमत काय असते याचा एक नमुना सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे. महाराष्ट्रात २००३ मध्ये घडलेल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना आरोपी करण्यात आले, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांना फाशीची शिक्षा ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी, ‘अंकुश मारुती शिंदे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात, सहाही जणांना निर्दोष सोडले, तपासातील दोषांवर कठोर ताशेरे ओढले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. तोवर त्यांची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती. हे प्रकरण अपवाद म्हणून बाजूला सारता आले असते, जर अशा जमातींतील किती जणांना दरवर्षी संशयावरून उचलले जाते आणि किती जणांना सोडले जाते याचा आकडा राज्यापाशी असता.

धर्माच्या अंगाने पाहिले तर पुरावा थोडा अधिक आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात पोलिसांच्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची स्पष्ट दखल घेतली. कॉमन कॉज आणि लोकनीती यांच्या २०१९ च्या पोलीसविषयक अहवालासाठी बारा हजारांच्या आसपास पोलीस कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारण्यात आले, तेव्हा मुस्लिम हिंसेकडे स्वभावतःच झुकलेले असतात हे म्हणणे जवळपास निम्म्यांनी कमी-अधिक प्रमाणात मान्य केले. येथे दोष एखाद्या शिपायाच्या स्वभावात शोधणे चुकीचे ठरेल, कारण तो शिपाई समाजातूनच येतो. फरक इतकाच की समाजातील इतरांचा पूर्वग्रह बहुधा बोलण्यात विरतो, त्याच्या पूर्वग्रहाला हातात अधिकार मिळालेला असतो.

अतिसंपर्काच्या जोडीने अल्पसंपर्काचाही विचार करावा लागतो, आणि तो पहिल्याइतकाच गंभीर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कोणाची तरी मदत मागितली आणि ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही व कोणाला सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्यांतही पोलिसांपर्यंत पोहोचणाऱ्या अगदी थोड्या. स्त्रियांचा पोलिसांशी संपर्क कमी आहे या विधानाचा अर्थ म्हणून दुहेरी होतो: त्यांना रस्त्यात थांबवले जात नाही हे खरे, पण संकटात त्यांना ठाणे आपले वाटत नाही हेही तितकेच खरे. ज्या स्त्रीला आदिवासी असणे, गरीब असणे आणि अल्पवयीन असणे हे सर्वच एकदम वाट्याला आले आहे तिच्यासाठी ठाणे हीच धोक्याची जागा ठरू शकते, हे १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात घडलेल्या आणि ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या घटनेने देशाला दाखवले. त्यातील पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवल्यानंतर उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला आणि पोलीस कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला.

दलित-आदिवासींच्या बाबतीत अल्पसंपर्क नोंदणीच्या टप्प्यावर घडवला जातो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्यातील चौथे कलम कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा सांगते, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक असल्याचे घटनापीठाने २०१३ च्या ललिताकुमारी निकालात स्पष्ट केले आहे. एवढे असूनही फिर्यादीला अदखलपात्राची पावती देऊन परत पाठवणे, गावात पोलीस पाटलाकरवी समेट घडवणे आणि उलट फिर्याद घेऊन दोन्ही बाजूंना समान आरोपी करणे या युक्त्या ग्रामीण भागात वापरल्या जातात. म्हणून ज्या पारध्याला चोरीच्या संशयावरून वारंवार ठाण्यात नेले जाते, त्याचे पाल गावकऱ्यांनी जाळले तर तोच पारधी फिर्याद द्यायला कचरतो. अतिदेखरेख आणि अपुरे संरक्षण हे दोन वेगळे प्रश्न भासले, तरी ते एकाच कुटुंबाच्या वाट्याला एकाच वेळी येतात.

आता मोजणीकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अटक झालेल्यांचे लिंग आणि वय सापडते, जात वा धर्म सापडत नाही. तुरुंगविषयक अहवालात धर्म आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास वर्ग ही वर्गवारी मिळते. २०२२ अखेर देशातील कैद्यांपैकी ७५.८ टक्के न्यायचौकशीखालील म्हणजे दोष सिद्ध न झालेले होते, आणि त्यांत दलित व मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून जास्त होता, हे त्यामुळेच सांगता येते. विमुक्त व भटक्यांसाठी मात्र या तक्त्यांत स्वतंत्र रकाना नाही. फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, तर राजपारधी राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत, म्हणजे एकाच वस्तीतील दोन कैदी सरकारी तक्त्यात दोन निरनिराळ्या खान्यांत जातात आणि त्यांच्यात समान असलेली गोष्ट कोणत्याच खान्यात दिसत नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर दशकभराने आपापले अहवाल केंद्राला दिले, दोघांनाही या समाजांच्या विश्वासार्ह लोकसंख्येअभावी अडखळावे लागले, आणि रकाना अद्याप आलेला नाही.

न्यायालये या दिशेने सरकारपेक्षा पुढे गेली आहेत. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मागास समाजांतील निरपराध व्यक्तींची नावे हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाच्या नोंदींत, यांत्रिकपणे घातली जात असल्याची स्वतःहून दखल घेतली आणि अशा नोंदींची वरिष्ठ अधिकाऱ्यांकडून वेळोवेळी तपासणी व्हावी असे म्हटले. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात त्याच न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीय तरतुदी रद्द केल्या आणि विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी आधीच्या निकालांतील मार्गदर्शक तत्त्वे पाळावीत असा आदेश दिला. आदेश पाळला गेला की नाही हे पडताळायचे तर पुन्हा आकडेच लागतील.

कोणत्याही प्रमाणाला अंश आणि छेद दोन्ही लागतात. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याने छेदाचा, म्हणजे प्रत्येक समूहाच्या लोकसंख्येचा, प्रश्न स्वातंत्र्यानंतर प्रथमच सुटण्याची शक्यता निर्माण झाली आहे. विमुक्त व भटक्यांना तीत स्वतंत्र संकेतांक मिळावा ही त्यांच्या संघटनांची मागणी त्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. अंश मात्र जनगणना देऊ शकत नाही. किती चॅप्टर केसेस झाल्या, किती जणांना तडीपार केले, किती जणांना कलम १२२ खाली पकडले, किती जणांची नावे सराईत म्हणून रजिस्टरात आहेत आणि हे सर्व कोण आहेत, ही माहिती ठाण्याठाण्यांच्या दप्तरांत आधीपासूनच लिहिलेली आहे. तिच्यातील व्यक्तींची नावे वगळून ती समूहनिहाय प्रसिद्ध करण्यासाठी नव्या आयोगाची किंवा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राच्या गृह विभागाचा एक आदेश पुरेसा आहे, आणि तो काढण्याची मागणी संशोधकांइतकीच पोलीस खात्यातील विचारी अधिकाऱ्यांनीही करावी.